बंद घरांचे गनीचाचा

सोहारमधल्या आमच्या पहिल्या उन्हाळ्यात माझं भांडण झालं ते नळाशी. निळ्या खुणेचा, म्हणजे थंड पाण्याचा नळ सोडला की हात पोळेल असं पाणी यायचं. दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी मेंटेनन्सला फोन करून पलीकडच्या माणसाची यथेच्छ हजेरी घेतली. तासाभरात दारात एक साठीकडे झुकलेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ उभे. निळी डांगरी, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी आणि हातात हत्यार म्हणून एकच, हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत तोंडाचा पट्टा सुरू केला. त्यांनी तो निम्मा ऐकून घेतला आणि हात वर केला.

"मराठीत वरड की बाय. हिंदीत तुजा राग नीट निघत नाय."

हे गनीचाचा. श्रीवर्धनच्या बाजूच्या एका बंदराच्या गावचे. तीस-बत्तीस वर्षं ओमानात, त्यातली निम्मी आमच्या या कंपाऊंडमध्ये. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन गिझरचं बटण बंद केलं आणि बाहेर आले. काम संपलं होतं. टाकी गच्चीवर उन्हात, म्हणून निळ्या नळाला उकळतं पाणी. गिझर आत एसीत, म्हणून त्याच्या पोटातलं पाणी निवलेलं. "आता सप्टेंबरपर्यंत लाल नळ थंडा, निळा नळ गरम. उलटी दुनिया हाय ही. सवय होईल." चहाला थांबले आणि जाताना, ज्याला मी फोनवर झापलं तो माणूस मलबारी होता, त्याला एक अक्षर कळलेलं नाही, हेही सांगून गेले.

आमचं कंपाऊंड म्हणजे एका भिंतीच्या आत एकसारखी चाळीस घरं. माझा नवरा तिथून जवळच्या धातूच्या कारखान्यात होता, तशीच बहुतेक घरं कारखान्यांतल्या इंजिनिअरांची. माझा स्थापत्याचा डिप्लोमा घरी बसून गंजत होता. मुलगी शाळेत रुळल्यावर मी कंपाऊंडच्याच मेंटेनन्स ऑफिसात तक्रारी नोंदवायच्या टेबलावर चिकटले आणि गनीचाचा माझे सहकारी झाले. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ते कुणाचेच सहकारी नव्हते. मी तक्रार लिहून द्यायची, ते कागद न वाचता खिशात घालायचे, आणि विचारायचे, "घर कितवं?" बाकीचं त्यांना घर सांगायचं.

घर सांगायचं ते स्क्रू-ड्रायव्हरमधून. टोक पाइपवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. आपण बोललो तर एक बोट वर. मग हळूच, "हाय. रडतंय." गळणारा पाइप त्यांच्या भाषेत रडायचा, हवा धरलेला खोकायचा आणि पंपाचं बेअरिंग गेलं की तो पंप "दाढ दुखल्यासारखा" करायचा. मी एकदा मूठ कानाला लावून पाहिली. मला माझाच श्वास ऐकू आला. चाचा म्हणाले, "ऑफिसात बसून कान जाड व्हतो."

पाण्याइतकाच त्यांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे उंदीर. त्यांना ते 'बिनव्हिसावाले' म्हणत. "आपल्याला मेडिकल, फिंगर, पतका, सगळं लागतं. हे बगा, गटारातून थेट किचनात." पतका म्हणजे तिथलं रेसिडेन्सीचं ओळखपत्र, ते प्रत्येकाच्या पाकिटात असायचंच. उंदरांबद्दल त्यांचे सिद्धांत पक्के होते. खाण्यासाठी उंदीर घरात शिरतो ही शहरी माणसाची समजूत; या देशात तो पाण्यासाठी शिरतो. प्लास्टिकच्या पाइपमधून पाण्याचा आवाज येतो, बाहेर पंचेचाळीस डिग्री, तो दात लावणारच. "त्याच्या जागी तू असतीस तर तूपन लावले असतेस."

विषाला त्यांचा कडक विरोध. विष खाल्लेला उंदीर छतात जाऊन मरतो आणि पुढचे पंधरा दिवस घरमालकीण मेंटेनन्सच्या नावाने बोटं मोडते. त्यांचा उपाय होता भांडी घासायची तारेची घासणी. पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथल्या फटीत ती कोंबायची आणि वरून सिमेंट. सिमेंट एकटं असेल तर उंदीर कुरतडतो, तार दाताला लागली की परत फिरतो. बाजारातल्या दुकानदाराकडून ते एका वेळी चार-चार डझन घासण्या आणत. त्या बिचाऱ्याची समजूत होती की चाचांचं मोठं हॉटेल आहे. तो दर वेळी "अर्बाब, कैफ हालक?" अशी 'मालक, कसं काय?' छापाची विचारपूस करून त्यांना मानाने आत बसवून कावा, म्हणजे तिथली कॉफी, पाजायचा. चाचांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. मी हटकलं तर म्हणाले, "त्याला बरं वाटतं, मलापन बरं वाटतं. सांगून कोनाचं भलं व्हनार?"

पण गनीचाचांचा खरा रुबाब पाहायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये. शाळा बंद झाल्या की घरंच्या घरं भारतात निघायची. निघायच्या दिवशी गाडीत बॅगा भरून झाल्या की शेवटचं काम ठरलेलं, चाचांच्या हातात किल्ली देणं. ऑफिसात प्रत्येक घराची दुसरी किल्ली असायची, तरी लोक आपली चाचांकडेच देत. कंपाऊंडचा तो अलिखित रिवाज होता. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या कमरेला वीस-पंचवीस किल्ल्यांचा जुडगा लटकायचा आणि ते गल्लीतून यायला लागले की आधी आवाज यायचा.

दर आठवड्याला ते प्रत्येक बंद घरात जात. बाथरूमच्या जाळीखाली एक वाकडा पाइप असतो, त्यात कायम वाटीभर पाणी साठलेलं असतं. गटाराचा वास आणि गटारातले रहिवासी त्या पाण्यामुळे वर येत नाहीत. घर दोन महिने बंद राहिलं की हे पाणी आटतं आणि बिनव्हिसावाल्यांना दार उघडं. म्हणून चाचा एकेका जाळीत तांब्याभर पाणी ओतत फिरायचे आणि निघताना तिथला पंप हाताने चालवून गच्चीवरची टाकी भरून घ्यायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जाता जाता ते तुळशी, कढीपत्ते, जास्वंदी यांनाही पाणी घालत. आमच्या शेजारणीने एकदा सुट्टीवरून आल्यावर तक्रार केली की चाचांनी तिच्या मोगऱ्याला फार पाणी घातलं. चाचा म्हणाले, "तहान लागली बोल्ला, घातलं."

आणि मग मीटर आले.

साल दोन हजार सोळा असेल. कंपनीने चाळीसही घरांना असे मीटर बसवले, की ऑफिसात बसल्या बसल्या कोणत्या घरात कधी किती पाणी गेलं ते माझ्या पडद्यावर उभ्या रेघांत दिसावं. सुट्टीवर गेलेल्यांच्या घरी गळती झाली तर इथून कळणार. ते चालवायला डिप्लोमावाली म्हणून मला बसवलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याचं सार एका ओळीचं: पाणी सतत वाहतंय तर गळती, थांबून थांबून वाहतंय तर वापर. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्याच आठवड्यात बंद घरांतून रेघा उमटायला लागल्या. अकरा, मग बारा, मग चौदा, मग सतरा. मी घाबरून उठले आणि मग लक्षात आलं की पडद्यावर गनीचाचा चालले आहेत. मी त्यांना बोलावून दाखवलं. ते जाम खूश झाले. "म्हंजे मी कुठं हाय ते तुला हितून दिसतं? माज्या बायकोला नको सांगू." मग रोज यायचे, पडद्यासमोर उभे राहून घरांची खबर घ्यायचे. मशीन बरं आहे, पण त्याला वास येत नाही, एवढीच त्यांची हरकत होती.

त्याच उन्हाळ्यात बावीस नंबरचं घर आलं. घर रेग्यांचं, सगळे महिनाभर मुंबईला. पडद्यावर मात्र तिथे रोज दोन रेघा. एक सकाळी सहाच्या सुमारास, एक संध्याकाळी सहाच्या सुमारास. दोन-तीन माणसांच्या आंघोळी होतील एवढं पाणी, मग बंद. चाचांचा फेरा तर आठवड्यातून एकदाच, तोही दुपारच्या आधी. मी वही काढली. थांबून थांबून, म्हणजे वापर. आठवड्याच्या अहवालात बावीस नंबरापुढे शेऱ्याच्या रकान्यात तो एक शब्द लिहिला आणि अहवाल वर पाठवून दिला. चाचांना आधी विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हे मी आज लिहितेय तरी कानशिलं गरम होतात.

आमचे मॅनेजर कुरियनसाहेब दुष्ट नव्हते, घाईचे होते. बंद घर, सकाळी कामावर जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर पाणी, किल्ली गनीकडे. त्यांनी दोन आणि दोन चार केले. चाचांना केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "गनीभाई, बाईस नंबर में किसको नहाने देते हो?"

दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. चाचा म्हणाले, "साब, वो घर बंद है."

"मीटर बोलता है."

"तो मीटर झूठ बोलता है."

"मशीन को झूठ बोलके क्या मिलेगा?"

चाचांनी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. बाहेर येताना माझ्या टेबलाजवळ थबकले. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "बाय, तू लिवलंस काय ते?"

मी मान हलवली. ते गेले, आणि गल्लीतून कसलाही आवाज न करता गेले.

पुढचे चार दिवस चाचा येत, कागद घेत, काम करून परत जात. घर कितवं, एवढंच विचारत. कंपाऊंडमध्ये कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. ज्या बायका त्यांना बिर्याणीचे डबे पाठवायच्या त्यांनी ऑफिसात फोन करून आमची किल्ली आता कुणाकडे असते म्हणून चौकशी केली. आणि मी काय दिवे लावले? त्याच आठवड्यात आम्हीही सुट्टीवर निघणार होतो. नवऱ्याने किल्ली कुणाकडे द्यायची विचारलं, तर मी म्हटलं, ऑफिसात ठेवू, उगाच नको. ज्या माणसाने माझा राग मराठीत काढून दिला, त्याला मी एका रेघेवरून उभा-आडवा कापला होता.

पाचव्या दिवशी चाचा आपण होऊन माझ्या टेबलाशी आले. "त्या बावीसच्या रेघा मला मराठीत लिवून दे. वार आनि टाइम." मी पटापट लिहून दिलं. शनिवार सहा दहा. रविवार पाच पन्नास. सोमवार साडेपाच. मंगळवार पाच दहा. तसंच सरकत काल पहाटे तीन पन्नास. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, ओठ हलवत वाचला, मग संध्याकाळच्या वेळा मागितल्या. त्याही तशाच सरकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. कागद टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर बोट आपटलं.

"बग. रोज वीस मिन्टं आदी. आमच्या नमाजाचा टाइमपन सरकतो, पन एक-दोन मिन्टानं. माज्यासारका म्हातारा अलार्म न लावता उटतो तोपन एवडा सरकत नाय. असा कोन बंदा हाय, जो रोज वीस मिन्टं लवकर अंगोळ करतो? आठ दिवसांत हा काय तहज्जुदला अंगोळ कराया लागला?"

तहज्जुद म्हणजे पहाटेच्याही आधीची नमाज, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. मी कागदाकडे पाहत राहिले. माझ्या पडद्यावर या रेघा आठ दिवस होत्या, आणि मला फक्त "सकाळी" आणि "संध्याकाळी" दिसलं होतं.

"मानूस न्हाय हा," चाचा म्हणाले. "हा पंप हाय."

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक घराला जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर एक. वरची टाकी ठरावीक खाली उतरली की पंप आपोआप सुरू होतो आणि ती भरून बंद होतो. मीटर बसवलेला या पंपाच्या पाइपवर. गच्चीनंतर कुठे बारीक गळती असेल तर टाकी बारा तासांत हळूहळू उतरणार, पंप एकदम भरणार आणि मीटरला वाटणार कुणीतरी आंघोळ केली. डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला हे मी चित्र काढून शिकले होते आणि त्यावर मार्कही मिळवले होते.

ऑफिसातली किल्ली घेऊन मी चाचांबरोबर गेले. ते दारात थांबले. "तू उघड." मी उघडलं. आत सगळं कोरडं ठणठणीत, कुठे ओल नाही. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. स्वयंपाकघर, बाथरूम, मग गच्चीकडून पाइप खाली येतात त्या भिंतीतल्या बोळकांडीजवळ जाऊन मूठ कानाला लावली. एक बोट वर. बराच वेळ.

"रडतंय," ते म्हणाले, आणि मला खरंच रडू फुटलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. बोळकांडीची झडप उघडून बॅटरी आत मारली. पाइपवरचं काळं फोम कुरतडून टाकलेलं, आतल्या पाइपला दातांची नक्षी आणि तिथून दोऱ्याएवढी धार, सरळ खाली गटाराच्या जाळीत. म्हणून ओल नाही. उंदीर आला कुठून? मे महिन्यात एसीवाल्यांनी नवा पाइप टाकायला भिंतीला भोक पाडलं होतं आणि तसंच सोडून गेले होते. चाचांनी खिशातून तारेची घासणी काढली. खिशात ती नेहमी असायचीच. भोकात कोंबताना आतल्या अंधाराला म्हणाले, "खलास. पतका दाखव, मग आत ये."

कुरियनसाहेब स्वतः बावीस नंबरमध्ये येऊन ते दात पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर त्यांनी जुडगा चाचांच्या हातात दिला आणि "सॉरी, गनीभाई" म्हणाले. चाचांनी किल्ल्या कमरेला लावल्या आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली, "मालेश, मुदीर." जाऊ द्या, साहेब. सगळे हसले. बायकांचे डबे पुन्हा सुरू झाले. त्या महिन्यात मीटरवाल्यांनी येऊन सगळे मीटर गच्चीच्या टाकीच्या पुढे हलवले.

मी निघायच्या दिवशी माझी किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेले. माफी मागायचं भाषण पाठ केलं होतं. अर्ध्यात त्यांनी हात वर केला. "किल्ली दे. विमान चुकंल." मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. मी सुट्टीवरून परत आले, टेबलावर बसले आणि फोन वाजला. "बाय, गनी बोल्तो. मी अकरा नंबरात शिरतो हाय. चार जाळ्या, चार तांबे. एक तुळस. लिवून ठेव." थोड्या वेळाने, "अकरातून भायेर. बाराला शिरतो." मी म्हटलं, चाचा, फोन कशाला? मला माहीत आहे तुम्ही आहात. "तुजासाठी नाय गं. मीटरसाठी." आवाज अगदी हसरा. मस्करीच करत होते. पण प्रत्येक घराला फोन करत होते.

दर आठवड्याला, प्रत्येक बंद घराचा फोन. एका मस्करीला तीन वर्षं हा फार काळ आहे. बाकी सगळं पूर्ववत होतं. माझ्या मुलीच्या अडखळत्या मराठीची ते मनसोक्त टिंगल करायचे, तिला 'मडम', म्हणजे गोरी बाई, म्हणायचे, ईदला आमच्याकडे शेवया यायच्या. पण किल्ली लावायच्या आधी फोन. ऑफिसातली नवी मंडळी म्हणायची, काय शिस्तीचा माणूस आहे. मला तो शिस्तीचा फोन नाही हे माहीत होतं. मी दर वेळी नुसतं "हो चाचा" म्हणायचे आणि काहीच लिहून ठेवायची नाही.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात नवऱ्याने पुण्याची नोकरी घेतली. ऑगस्टच्या शेवटी निघायचं ठरलं. चाचाही ऑगस्टच्या सुरुवातीला महिना-दीड महिन्यासाठी गावी जाणार होते, नातीचं लग्न होतं. म्हणजे ते परत येतील तेव्हा आम्ही गेलेले असणार. त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पडद्यासमोर बसले होते आणि सतरा नंबरच्या बंद घरात एक रेघ उमटली.

मी फोनकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच वाजला नाही. दुसरी रेघ आली, लहानशी, तांब्याभर. फोन शांत. मी तो उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. मग मात्र मला बसवेना. डोक्यावर ओढणी घेऊन उन्हातून जवळजवळ पळतच सतरा नंबरच्या फाटकापाशी गेले.

चाचा अंगणातल्या नळाशी बसले होते. नमाजाआधीची वजू करत होते. हात धुतले, तोंड धुतलं, टोपी गुडघ्यावर ठेवून ओला हात डोक्यावरून फिरवला. नळ वाहत होता, त्यांना घाई नव्हती. किल्ल्यांचा जुडगा शेजारी जमिनीवर पडला होता, फोन कुठेच दिसत नव्हता. पाय धुऊन झाले, मग ओंजळभर पाणी त्यांनी शेजारच्या कढीपत्त्याला घातलं, त्याला काहीतरी बोलले आणि स्वतःच हसले.

मी फाटक वाजवलं नाही. ऑफिसात परत आले आणि सतरा नंबरच्या रेघेपुढे काहीच लिहिलं नाही.